जॉबर समुद्रावर

कबनूरला समुद्र नाही, हे कबनूरच्या माणसाला मनापासून मान्य नाही. मालवण आणि सिंधुदुर्ग एकेकाळी कोल्हापूर संस्थानाकडं होते आणि १८१२ सालच्या तहात ते इंग्रजांच्या घशात गेले, एवढं त्यानं कुठंतरी ऐकलेलं असतं. तह कुणी केला, का केला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. फोंडा घाट उतरून पहिल्यांदा खारं वारं लागलं की तो गाडीची काच खाली घेतो, 'आपलंच होतं की हे सगळं' म्हणतो आणि मग मालकी हक्कानं सुरमईच्या थाळीचा भाव विचारतो. भाव ऐकल्यावर मात्र तह बरोबर होता असं त्याचं मत पडतं.

आमचा जॉबर याच पंथातला. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते त्याच्या घरच्यांखेरीज कुणी वापरत नाही. जॉबर म्हणजे यंत्रमागाचा वैद्य. धोटा उडाला, पिकर तुटला, कापडात पट्टी पडायला लागली की त्याला बोलावणं जातं. तो येतो, मागाला हात लावत नाही, नुसता कान लावतो. मग एखादा नट पाव आटा फिरवतो आणि चहा सांगतो. इचलकरंजी कुठं संपते आणि कबनूर कुठं सुरू होतं हे फक्त घरफाळ्याच्या पावतीला कळतं, आणि या सगळ्या पट्ट्यात जॉबरचा कान प्रसिद्ध आहे.

विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ साली. त्यानंतर आमच्या भागात शांतता अशी फारशी कुणी ऐकलेलीच नाही. खटाक्‌ खटाक्‌ चालू असतं म्हणून आम्ही झोपतो; रात्री वीज गेली की सगळी गल्ली दचकून उठून बसते. तान्ही पोरंसुद्धा. पाहुणे तिसऱ्या दिवशी डोकं धरून परत जातात आणि आम्ही त्यांच्या गावी गेलो की रात्रभर तळमळतो. कारखान्यात माणसं एकमेकांच्या ओठांकडं बघून बोलणं ओळखतात. त्यामुळं बाहेर आल्यावर आवाजाचं माप राहत नाही. जॉबर कानात एखादी गुप्त गोष्ट सांगतो तेव्हा ती कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत जाते.

तर अशा माणसाला मासे पकडायला न्यायचं होतं.

तसं मासेमारीचं वेड आमच्याकडं नवीन नाही. पंचगंगा जवळ आहे. आमच्या लहानपणी गळाला गांडूळ लावून मरळ काढणारे लोक होते आणि चिलापी तर कुणाच्याही गळाला लागायची. आता नदीवर गळ घेऊन जाणं जरा अपमानाचं झालंय. उन्हाळ्यात तेरवाडच्या बंधाऱ्याकडं मेलेल्या माशांचा खच पडल्याचे फोटो पेपरात येतात. जिथं मासे गळाशिवायच वर येतात तिथं कौशल्य दाखवायचं कुठं? म्हणून जॉबरनं ठरवलं की यापुढं गळ टाकायचा तो खाऱ्या पाण्यात.

मुहूर्त दिवाळीनंतरचा निघाला. दिवाळीला गावाकडं गेलेले कामगार लवकर परतत नाहीत, निम्मे माग थंड असतात, जॉबरला बोलावणं येत नाही. दिवस आला कार्तिक शुद्ध दशमीचा. इथं जॉबरच्या घरात वाद झाला, कारण दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी. त्याच्या आईनं निकाल दिला, की मासे आणायचे तर रात्री बारापर्यंत आणायचे, शिजवायचे, खायचे आणि भांडी घासून पालथी घालायची. बारा वाजून एक मिनिटानं माशाचा वास आला तर पिशवीसकट बाहेर. एकादशी सूर्योदयाला लागते, बाराला नाही, असा मुद्दा जॉबरनं काढून पाहिला. आईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं.

दशमी मला मात्र फायद्याची होती. कोकणात भरती-ओहोटीचं गणित घड्याळावर नाही, तिथीवर चालतं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ हाती येते. दशमी म्हणजे दहा, त्याचे पाऊणपट साडेसात. सकाळी साडेसातला पाणी भरलेलं, दीड-पावणेदोनला पुरतं उतरलेलं आणि तिथून संध्याकाळपर्यंत पुन्हा चढतं. चढत्या पाण्याबरोबर मासा खाडीच्या तोंडाशी चरायला येतो, तेव्हा दुपार आपली. जॉबरला हे सांगितलं तर तो खूश झाला. समुद्रही कबनूरच्या कारखान्यासारखा दोन पाळ्यांत चालतो म्हणायचा. फरक इतकाच की रोज पाऊण तास उशिरा येतो आणि त्याचा पगार कुणी कापत नाही.

राधानगरी, दाजीपूर, फोंडा, कणकवली, कसाल, मालवण. या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण जॉबर पूर्ण वेळ गाडीच्या इंजिनचा आवाज ऐकत होता आणि मला बोलू देत नव्हता. दाजीपूरच्या जंगलात गवा दिसतो का म्हणून मी डोळे ताणले. त्यानं कान ताणून सांगितलं की पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग आणखी दोन महिने चालेल.

तारकर्लीच्या पुढं देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी, आणि ही पट्टी संपते तिथं नदी समुद्राला मिळते. पर्यटकांच्या होड्या डॉल्फिन दाखवायला भराभरा जात होत्या. आमची होडी छोटी, मागं इंजिन लावलेली. मालक साठीच्या पुढचे. सगळे त्यांना तांडेल म्हणत होते, आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, जॉबरच्या नव्या कोऱ्या रॉडकडं पाहिलं आणि तो अलगद काढून वाळूत रोवून ठेवला. मग दोघांच्या हातात एकेक पाण्याची रिकामी बाटली दिली. बाटलीवर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला, टोकाला गरी, गरीच्या वर शिशाचा गोळा. आमिषाला तारलीचे तुकडे आणि थोडी कोळंबी.

"ह्या बाटलीनं मासा धरायचा?" जॉबर म्हणाला. म्हणजे ओरडला. पलीकडच्या होडीतल्या पर्यटकांनी डॉल्फिन आला समजून टाळ्या वाजवल्या.

"सरंगो होयो काय तुमका?" तांडेलनी विचारलं. सरंगा म्हणजे आपलं पापलेट. जॉबरला अर्थातच पापलेटच हवं होतं. घरी तसा शब्द देऊन आला होता. तांडेलनी मान हलवली. "सरंगो गरीक लागणा नाय."

हे खरं आहे. पापलेट जाळ्यात सापडतं, गळाकडं ढुंकून बघत नाही. २०२३ साली सरकारनं त्याला महाराष्ट्राचा राज्य मासा केलं, आणि राज्य पातळीवर गेलेला कुणीही असा साध्या माणसाच्या हाताला लागत नाही, हे आम्हाला समजायला हवं होतं. मग तांबोशी, गोबरा, चोणक, शेवटा यांपैकी जो येईल तो आपला, असं ठरलं.

संगमाच्या जरा आत नांगर टाकला आणि इंजिन बंद केलं. इथं खरी अडचण सुरू झाली. शांतता. पाणी होडीच्या पोटाला चाटत होतं तेवढाच आवाज. मी सुखावलो, जॉबर घाबरला. त्यानं इंजिनकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग आभाळाकडं, आणि विचारलं, "लाईट गेली काय?" चेष्टा म्हणून नाही. तोंडातून आपोआप गेलं.

पाच मिनिटांत त्यानं बोलायला सुरुवात केली. सुताचे भाव, पीकवरची (म्हणजे धोट्याच्या फेऱ्यांवरची) मजुरी, वहिफणीत धागे भरणाऱ्यांची टंचाई, गल्लीतल्या एकाचं मोडलेलं लग्न, सगळं कारखान्याच्या आवाजात. मला वाटलं आता तांडेल आपल्याला उतरवून पोहत जायला सांगणार. पण ते शांतपणे आमिष लावत होते. मग त्यांनी बोट दाखवलं ते जॉबरच्या तोंडाकडं नाही, पायाकडं. "बोला कितीव, पण तो पाय आदी थांबवा."

जॉबरची टाच होडीच्या तळावर आपटत होती. खटाक्‌, खटाक्‌, बरोबर मागाच्या चालीत. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आगेमागे धोटा फेकतो आणि जॉबरच्या टाचेत तो ठेका मुरलेला आहे. तांडेलचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. माणसाचं बोलणं बहुतेक पाण्यावरून आपटून परत फिरतं, खाली फारसं उतरत नाही. पण होडीच्या तळाला दिलेला दणका थेट पाण्यात जातो, आणि पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर पळतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. माशाच्या दोन्ही कुशींवर एक बारीक रेघ असते, तिनं त्याला पाण्याची नुसती थरथरही कळते. म्हणजे कर्लीच्या मुखाशी असलेल्या प्रत्येक माशाला कबनूरहून कुणीतरी आल्याची वर्दी पोचली होती.

जॉबरनं एक पाय दुसऱ्या पायाखाली दाबून धरला. त्यापुढच्या अर्ध्या तासात होता इतका दुःखी मी त्याला कधी पाहिला नाही.

पहिला झटका त्यालाच आला. ओढून वर काढला तर वीतभर मासा, आणि हवेत येताच त्यानं पोट फुगवायला सुरुवात केली. फुगला, फुगला, चेंडू झाला. डोळे आमच्याकडं, दात बाहेर. जॉबरनं आयुष्यात पहिल्यांदा दबक्या आवाजात विचारलं, "ह्यो का रागावलाय?"

"केंड तो. खाल्लात तर मरतलात," तांडेल म्हणाले. केंडाच्या पोटातलं विष माणसाला आटोपतं, आणि दात असे की तंगूस तर सोडाच, मच्छीमारांची जाळीही कुरतडून टाकतो. या केंडानं जाता जाता गरीसकट तंगूस कातरला आणि पाण्यात पडल्यावर हवा सोडून निवांत निघून गेला. दुसरा आला शिंगाळा. त्याचे काटे तांडेलनी पकडीनं मोडले तेव्हाच आम्हाला हात लावू दिला. तोवर माझ्या गळाला काहीही लागलेलं नव्हतं, पण मी ते वरवर तरी मनाला लावून घेत नव्हतो.

आणि मग गुंता झाला. चढत्या पाण्यानं होडी फिरली, माझा तंगूस जॉबरच्या तंगुसाखालून गेला, त्याचा माझ्यावरून, दोघांनी एकदम ओढला, आणि वर आला तो मुठीएवढा गोळा. तांडेलनी सुरी पुढं केली. "कापून टाका. धा रुपयाचो तंगूस."

"कापायचा?" जॉबर म्हणाला. "धागा कापायचा?"

त्या आवाजात जे दुखावलेपण होतं ते समजायला कबनूरला जन्मावं लागतं. बीमवर हजारो उभे धागे असतात. एक तुटला तर सांधायचा, दोन गुंतले तर सोडवायचे. कापून टाकणाऱ्या माणसाला आमच्याकडं कामचुकार समजतात. जॉबरनं गोळा मांडीवर घेतला. चष्मा काढला. आणि त्यानंतर मी जे पाहिलं ते आजवर कुठल्या मासेमारीत कुणी पाहिलं नसेल. तो ओढत नव्हता. बोटाच्या टोकांनी एकेक वळसा सैल करायचा, त्याच्याखालून दुसरा उचलायचा, टोक शोधायचं नाही, पोट शोधायचं. तंगूस उन्हात दिसत नव्हता, तर तो डोळे मिटून चाचपत होता. पाय थांबला. तोंड थांबलं. तीस-पस्तीस मिनिटं कर्लीच्या मुखावर संपूर्ण शांतता होती, आणि ती शांतता जॉबरनं पाळली होती.

मासे बहुधा याचीच वाट बघत होते. तांडेलनी आपला तंगूस पायाच्या अंगठ्याला बांधून विडी पेटवली होती. अंगठा एकदम सरळ झाला. एक तांबोशी. लालबुंद, दोन किलोला थोडी कमी. ती होडीत आदळते न आदळते तोच पुन्हा अंगठा. दुसरी. मी जॉबरला हलवलं. "मर्दा, मासे आलेत, सोड ते!"

"थांब," तो म्हणाला, "एकच पीळ राहिलाय."

गुंता सुटला तेव्हा त्यानं दोन्ही तंगूस सरळ करून, ताण बघून, आपापल्या बाटलीवर गुंडाळून ठेवले आणि मग समुद्राकडं लक्ष दिलं. तांडेल त्या बाटल्यांकडं बघत राहिले. नवीन गरी बांधायला त्यांनी बाटली मागितली, तर जॉबर म्हणाला गाठ मी मारतो. त्यानं मारली ती सूत सांधायची, कारखान्यातली, डोळ्याला दिसणार नाही अशी बारीक गाठ. सुती धाग्याला ती अशी बसते की फणीतून पार होते. तंगुसावर ती बसल्यासारखी दिसली, आणि पहिल्याच मोठ्या झटक्याला सुळकन निसटली. गरी, शिसं आणि त्याच्या टोकाला जे काय असेल ते, सगळं अरबी समुद्रात. सूत खरखरीत असतं, स्वतःला धरून ठेवतं. नायलॉनला ती खरखर नाही. मग तांडेलनी आपल्या पद्धतीनं आवळून, थुंकी लावून गरी बांधली.

तिला लागली ती जॉबरची तांबोशी. ती कशी लागली हे मी जवळून पाहिलं. तंगूस त्याच्या तर्जनीवरून खाली गेलेला. मला काहीच दिसत नव्हतं, पाणी स्वस्थ. जॉबर पुटपुटला, "खाली कुणीतरी ताण बघतंय." बोट तसंच. दुसऱ्यांदा. बोट तसंच. तिसऱ्या वेळी त्यानं मनगट नुसतं उलटं केलं, आणि तंगूस पाणी कापत निघाला. बीमवरचा ताण बोटानं ओळखण्यात ज्याची पंचवीस वर्षं गेली, त्याला माशाचं टोचणं वेगळं शिकवावं लागत नाही. तांडेलनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं आणि विडी पुढं केली.

पाच वाजून गेले, वारं सुटलं, नांगर उचलला. तांडेलनी इंजिनची दोरी ओढली. इंजिन फुरफुरलं, बंद पडलं. पुन्हा ओढली. चालू झालं आणि अडखळत चाललं. जॉबरचा चेहरा उजळला. दुपारभर हरवलेलं पोर सापडलं होतं. तो सरकत मागं गेला, इंजिनवर कान झुकवला, डोळे मिटले. "पाचातला एक पीक चुकतोय. बंद करा, मालक."

संगमावर, पाणी चढत असताना, सूर्य कलत असताना चालू झालेलं इंजिन बंद करायला कुठलाही शहाणा तांडेल तयार होणार नाही. यांनी केलं. जॉबरनं प्लग काढला, काजळी आपल्या बनियनच्या टोकाला पुसली, तोंडाचं अंतर नखानं मोजून जरा वाकवलं, परत बसवला. दोरी एकदा ओढली. त्यानंतर इंजिन असं चाललं की देवबागच्या किनाऱ्यापर्यंत जॉबर टाचेनं ठेका धरून बसला आणि कुणीही त्याला अडवलं नाही.

किनाऱ्यावर तांडेलचा भाऊ फाटलेलं जाळं विणत बसला होता. जॉबर तिथंच खिळला. सुई आत गेली, वळसा घेतला, मागून आली, आवळली. "ही आमचीच गाठ हाय की!" खरंच तीच होती. जाळ्याचा डोळा ज्या गाठीनं धरतात आणि मागावर तुटलेलं सूत ज्या गाठीनं सांधतात, ती मुळात एकच गाठ. फक्त त्या भावानं नायलॉनसाठी एक वळसा जास्त टाकला होता. जॉबरनं खिशातून सुताचा तुकडा काढला (त्याच्या खिशात तो नेहमी असतो) आणि आपली गाठ मारून दाखवली. भावानं ओढून पाहिली, मान डोलावली. मग तंगुसाच्या तुकड्यावर जादा वळशाची गाठ जॉबरला शिकवली. दोघांत शब्द एक नाही. एक मालवणी, एक कोल्हापुरी, दोघंही आपापल्या गावात बडबडे म्हणून ओळखले जाणारे. माझं तिथं काही काम नव्हतं, मी मासे मोजले. आमच्या वाटणीचे: एक तांबोशी, एक शिंगाळा.

घड्याळात सात वाजले होते. कबनूर गाठायला घाट धरून चार-साडेचार तास. मग कापणं, धुणं, शिजवणं. हिशेब बसेना. जॉबरनं बोटं मोजली, बारातून वजा केली, आईचा चेहरा आठवला आणि मासे तांडेलच्या घरात दिले. एकादशी त्यांच्याही घरात होती, पण तिथं ती उजाडल्यावर लागत होती. तिरफळं घातलेलं तांबोशीचं सार, गरम भात, वर सोलकढी. जॉबर जेवताना एक शब्द बोलला नाही. हे मी त्याच्या आईलाही सांगितलं, तिचा विश्वास बसला नाही. निघताना होडीचं भाडं काढलं तर तांडेलनी अर्धंच घेतलं आणि उरलेलं इंजिनच्या खात्यात टाकलं.

कबनूरला पोचलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. पिशवी रिकामी, पण अंगाला वास. आईनं दारातच दोघांनाही हौदाकडं पिटाळलं. कारखान्याच्या दिवाणजीनं दुसऱ्या दिवशी पेट्रोल, भाडं, चहा-वडा सगळं धरून आमच्या तांबोशीचा किलोचा भाव काढला, आणि तेवढ्यात एक जुना माग आला असता असं सांगितलं. जॉबरनं त्याला प्लग साफ केल्याची मजुरी जमेला धरायला लावली.

त्यालाही आता बरेच महिने झाले. तांडेलचा फोन अधूनमधून येतो, मला नाही, जॉबरला. भावाच्या होडीचं इंजिन गरम होतं, शेजारच्याचा पंप पाणी टाकत नाही, सुनेचा मिक्सर भलताच आवाज करतो. मग जॉबर इकडून फोनवर तो मिक्सर ऐकतो. परवा मी विचारलं, पुढच्या वेळी गळ कुठला घ्यायचा? जॉबर म्हणाला गळाचं काय घेऊन बसलास, तांडेलनी सांगितलंय, येताना दहा-अकराचा पाना आणि मागाचं जुनं ग्रीस आणा.